आधी तिचा आवाज

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात खरी तलवार हातात धरलेली नाही. कलिंगड कापायला मोठी सुरी काढली, तरी ते "सूनबाई, हे तुझं खातं" म्हणून खुर्ची मागे घेतात. पण आमच्या इमारतीतली शाळकरी मुलं त्यांना जिन्यात पाहिलं की भिंतीला चिकटून उभी राहतात आणि वाट देतात. टीव्हीवर समुद्री चाच्यांची जी मालिका लागते, तिच्यातल्या म्हाताऱ्या तलवारबाजापुढे भली भली जहाजं शेपूट घालतात, आणि त्या म्हाताऱ्याचा आपल्या भाषेतला आवाज आमच्या सासऱ्यांचा आहे. मी एकदा त्या मालिकेला कार्टून म्हटलं, तर तिसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली मुलगी मला म्हणाली, "काकू, कार्टून नाही, ॲनिमे." शिक्षिका चुकीला लाल खूण करतात त्या आवाजात.

मुलं त्यांना कप्तान आजोबा म्हणतात. "आजोबा, एकदा त्या आवाजात बोला ना," असा रोजचा लकडा असतो. बाबा पिशवी सावरत म्हणतात, "कप्तान भाजी आणायला जाताना बोलत नसतो." आणि खरंच, मालिका लागायला लागल्यापासूनच्या सात वर्षांत जिन्यात तो आवाज कुणी ऐकलेला नाही.

बाबा मूळचे बस स्थानकावरचे. गाड्यांची घोषणा करायचे. त्यांनी पुकारली की तासभर उशिरा आलेली गाडीसुद्धा वेळेवर आल्यासारखी वाटायची, असं सासूबाई सांगत. एकदा डबिंगचं काम करणारा एक माणूस त्या आवाजापायी आपली गाडी सोडून घोषणेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि बाबांची गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली. तेव्हापासून बत्तीस वर्षं ते दरोडेखोर, मंत्री, सिंह आणि जाहिरातीतला एक बोलका फ्रीज झाले. सत्तरीनंतर संवादांची बारीक अक्षरं डोळ्यांपुढे पोहायला लागली, म्हणून मी त्यांचे कागद मोठ्या टायपात काढून देते. पडद्यावरच्या माणसाचं तोंड कुठे मिटतं तिथे लाल पेनने खूण करते. कागद उलटायलाही कुणीतरी लागतं, म्हणून स्टुडिओतही मीच जाते. घरातली कामं आटपून निघायला उशीर झाला की बाबा दाराशी उभे राहून घोषणा करतात. माझं नाव फलाटावर आल्यासारखं वाटतं.

स्टुडिओ टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन जाड दारं, भिंतींना गालिचे, मध्ये मोठी काच. काचेपलीकडच्या खोलीत पडदा, माइक आणि एक उंच स्टूल; अलीकडे, आमच्या बाजूला, दिग्दर्शकाचं टेबल आणि दुसरा पडदा. रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद, कारण तो गुणगुणतो. या कामात दोघं समोरासमोर कधी बोलत नाहीत. एकेकाने आत जायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि आधीच्याचा आवाज ऐकत आपला संवाद म्हणायचा. पण आधी कोण, याला मान असतो. सगळ्यांत जुना माणूस आधी बोलतो, बाकीच्यांनी त्याच्या पट्टीला आपली पट्टी लावायची. कुठे लिहिलेलं नाही, पण बत्तीस वर्षांतली शेवटची वीस आधी बाबा बोलत आले.

यंदा मालिकेत एक नवा तरुण तलवारबाज आला. कोळ्याच्या होडीतून आलेला, अंगावर फाटका सदरा आणि थेट म्हाताऱ्याला आव्हान देणारा. त्याच्यासाठी दोन आवाज घेऊन बघितले आणि बाबांच्या एकेका वाक्यावर दोन्ही गेले. पहिल्याबद्दल ते म्हणाले, "घसा आहे, पोट नाही." दुसऱ्याबद्दल, "हा तलवार नाही, छत्री धरून उभा आहे."

तिसरी एक मुलगी होती. तरुण मुलग्यांचे आवाज बायकांनी देणं या धंद्यात नवं नाही. ही असेल बावीस-तेवीसची, दिवसभर कुरिअरच्या ऑफिसात फोन घ्यायची. "तुमचं पार्सल निघालेलं आहे" हे वाक्य रोज दोनशे वेळा म्हणून तिचा जीव विटला होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. दिग्दर्शकाने तिला आमच्यासमोरच सांगितलं, "पाच वाजता हा प्रसंग मालिकेच्या कंपनीला जायला हवा. काकांनी हो म्हटलं तर सगळे भाग तुझे. नाहीतर सोमवारपासून कंपनी आपला माणूस पाठवणार आहे."

"बरं," ती म्हणाली. पाणी प्यायली आणि बूट काढून आत गेली.

"ही झोपायला आली आहे का?" बाबा माझ्या कानाशी पुटपुटले.

प्रसंग असा होता. जहाजाच्या डेकवर दोघांची लढत. तरुणाची तलवार मोडते, तुकडा समुद्रात पडतो. म्हाताऱ्याला वाटतं, संपलं. तर तो पोरगा पडलेलं वल्हं उचलून पुन्हा उभा राहतो. म्हातारा त्याच्याकडे बघत राहतो, आपली तलवार म्यान करतो आणि म्हणतो, "पुढच्या वेळी चांगली तलवार घेऊन ये." बाबांनी आपला भाग सकाळीच म्हणून टाकला होता. एका दमात. दिग्दर्शकाने अंगठा दाखवला होता.

मुलीने सुरुवात केली आणि दिग्दर्शकाने थांबवलं. "श्वास ऐकू येतोय. त्याचं तोंड मिटलेलं आहे तिथे."

"पुन्हा घेते," ती म्हणाली. पुन्हा तोच श्वास. तिसऱ्यांदा तोच, चौथ्यांदाही. दर वेळी शांतपणे "पुन्हा घेते", आणि दर वेळी वल्हं उचलायच्या आधी तो छोटा, नाकातून ओढलेला श्वास. साडेतीन वाजले. दिग्दर्शक चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच बाबांचा निकाल वाचून दाखवणार होते. मी बाबांकडे पाहिलं. हाताची घडी, ओठ आवळलेले. पोरीचा बाजार उठला, असं मी मनात म्हटलं.

"आवाज बंद करून चित्र लावा," बाबा म्हणाले.

चित्र मुक्याने चाललं. बाबा उठून आमच्या बाजूच्या पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवलं.

"तोंड मिटलेलं आहे. खांदा बघा."

खांदा वर जात होता. अगदी थोडा, पण जात होता. मी सात वर्षं लाल खुणा करते आहे, सगळ्या तोंडावर. खांद्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"चित्रं काढणाऱ्याने श्वास काढलेला आहे," बाबा म्हणाले. "आपणच इतकी वर्षं तो पुसत आलो. ओठ सगळेच बघतात. ही खांदा बघते."

मग ते काचेशी गेले आणि बटण दाबून आत विचारलं, "मुठीत काय आहे?"

मुलीने मूठ मागे लपवली, मग पुढे केली. "मोजा."

"कशाला?"

"हातात काही घट्ट नसलं की माझा आवाज सैल पडतो. आणि मोजा धरला तर माइकला ऐकू येत नाही."

बाबांनी खिशातून आपला रुमाल काढला. मधोमध गाठ मारलेला. त्या गाठीवर मूठ आवळून ते इतकी वर्षं तलवार चालवत आले आहेत. तो रुमाल मीच धुते, आणि गाठ सोडायची नाही अशी मला ताकीद आहे. त्यांनी तो मुलीला काचेतून दाखवला.

"धुतलेला आहे ना?" त्यांनी विचारलं.

"रुमाल?"

"मोजा."

"सकाळी धुतलेला होता," ती म्हणाली, आणि दुपारपासून प्रथमच हसली.

बाबा दिग्दर्शकाकडे वळले. "माझं सकाळचं पुसून टाका."

"काका, तुमचं ओके झालेलं आहे."

"आधी तिचं घ्या. श्वासासकट. मी मागाहून बोलतो."

दिग्दर्शकाच्या कपाळावरचा चष्मा नाकावर घसरला. मागाहून म्हणजे तिच्या पट्टीला आपली पट्टी लावायची. बाबांनी. "वेळ कुठे आहे काका?" एवढंच तो म्हणाला.

"तुझ्या दोन चहांचा वेळ वाचव, पुष्कळ होईल."

मुलीने एका दमात म्हटलं. शेवटी ती वल्हं उचलते तेव्हा शब्द नाहीतच, फक्त तो श्वास आणि एक हुंकार. माझ्या मांडीवरचे कागद मी घट्ट धरले होते, हे मला मागाहून कळलं.

मग बाबा आत गेले. हेडफोन लावले, तिचा आवाज ऐकला. मी त्यांचा चेहरा बत्तीस नाही, पण सोळा वर्षं तरी रोज बघते आहे. बसमध्ये कुणी उठून जागा दिली की तो चेहरा दुखावतो. इथे तो दुखावलेला नव्हता. भूक लागलेल्या माणसाने पानाकडे बघावं तसा होता. त्यांनी संवाद म्हटला. खणखणीत.

"ओके," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही," माझ्या शेजारून आवाज आला. मुलगी एका पायात मोजा घालून बसली होती.

"काय नाही?"

"आजोबांचा श्वास उशिरा आला. मी वल्हं उचलल्यावर त्यांनी घेतला. तो म्हातारा आधी घेतो. पोरगा उठणार, हे त्याला पोराच्याही आधी कळतं."

दिग्दर्शकाचं बोट बटणावरच होतं. म्हणजे हे सगळं आत ऐकू गेलं होतं. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेला घास या पोरीने स्वतःच उडवला होता. आणखी दोन मिनिटं गप्प बसली असती तर सगळे भाग तिचे होते.

काचेपलीकडे बाबांनी हेडफोन नीट बसवले. मग त्यांचा आवाज आला. "चित्र मागे घ्या."

चित्र मागे गेलं. या वेळी आम्ही सगळ्यांनी म्हाताऱ्याचा खांदा बघितला. पोराचा हात वल्ह्यापर्यंत पोचायच्या आत तो वर गेला होता.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "गाडी उशिरा आली. पुन्हा."

दुसरा टेक त्यांनी स्वतःच अर्ध्यात सोडला. तिसऱ्याला त्यांनी श्वास आधी घेतला आणि संवाद खाली आणला, इतका खाली की जेवायला बोलवावं तसा. "पुढच्या वेळी चांगली तलवार घेऊन ये." दिग्दर्शकाने अंगठा दाखवला, पण बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते मुलीकडे बघत होते. तिने मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी हेडफोन काढले.

पाचला दहा मिनिटं कमी होती. "मग काका, कंपनीला काय कळवू?" दिग्दर्शकाने विचारलं.

"आवाज मिळाला म्हणून कळव. आणि त्यांना आपलाच माणूस घालायचा असेल, तर म्हाताऱ्यासाठीही एक शोधा म्हणावं."

मुलगी रडली वगैरे नाही. दुसरा मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

जिना उतरताना बाबा माझ्या खांद्याचा आधार घेत होते, ती दोन पायऱ्या पुढे होती.

"पुढचे भाग वाचलेस?" त्यांनी विचारलं.

"वाचले. यंदाच्या चाळिसाव्या भागात तुम्ही हरता."

"मी नाही, म्हातारा. आणि कुणाकडून?"

"माझ्याकडून."

"मग जरा जाड मोजे आण," बाबा म्हणाले.

त्या रात्रीच त्यांनी माझ्याकडून चाळिसावा भाग मोठ्या अक्षरांत काढून घेतला. आता लाल खुणा खांद्याच्या असतात, तोंडाच्या निळ्या. रोज सकाळी मी कपड्यांच्या घड्या घालते आणि ते हॉलमध्ये उभे राहून हरतात. "अं हं," स्वतःलाच सांगतात, "हे हरणं नाही, हा पाय मुरगळला." पुन्हा रुमालाची गाठ आवळतात. समोरची पोर चांगली आहे, ढिसाळ हरून चालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

परवा सरावाचा आवाज जिन्यात गेला. दार वाजलं. चष्मेवाली आणि तिच्यामागे आणखी तिघी.

"काकू, आजोबांना बरं नाही का?"

"बरं आहे. सराव चाललाय."

"कसला?"

"हरण्याचा."

चौघींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा एकदा कार्टून म्हटलं होतं. "कप्तान हरत नाही," चष्मेवाली म्हणाली.

बाबा माझ्यामागून दारात आले. अंगात बनियन, हातात गाठ मारलेला रुमाल. खांदा किंचित वर गेला, आणि सात वर्षांत प्रथमच तो आवाज आमच्या जिन्यात उतरला.

"हरतो. आधी बघा तरी, कुणाकडून ते."