कुर्र करायला लातूरहून भोकर

एसटी सुरू झाली, पासही नको, ही बातमी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच भावाला फोन लावला. "नितीन, येतेय मी. पाळणा बांधून ठेव."

प्रकरण असं होतं. लॉकडाऊनमध्ये नितीनला, माझ्या धाकट्या भावाला, मुलगी झाली. त्याची बायको स्वाती हिच्या माहेरी, भोकरला. मी लातूरला. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, आत्या मी एकटीच, आणि मधे जिल्ह्याची हद्द बंद. स्वातीचे बाबा म्हणाले, मोबाइलवरून उरका. मी म्हटलं, कुर्र काय मोबाइलवरून करतात? नाव मी ठरवून ठेवलं होतं, पण नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पाच महिने पोरगी बिननावाची. घरातले तिला ठकी म्हणायला लागले आणि ती त्या नावाला हसायलाही लागली. वर स्वातीच्या बाबांनी ठणकावलं, "महालक्ष्म्यांच्या आत नाव पडलं न्हाई, तर ठकीच पक्कं."

"एवढ्यासाठी जीव धोक्यात घालतेस?" नवऱ्याने विचारलं. एवढ्यासाठी नाही तर कशासाठी घालायचा, असं म्हणून मी पिशवी भरली.

लातूर-नांदेड तिकीट दोनशेच्या आत. एका सीटवर एकच माणूस, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एसटीत खिडकीही मिळाली आणि मांडी घालायला जागाही. स्टँडवरून गाडी हलली तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळी गाडी हसली. कंडक्टर प्रत्येकापाशी थांबून मास्क तपासत होते.

"ताई, नाक आत घ्या. त्यानं काय गुन्हा केलाय? कुठं निघालात?"

"भाचीच्या बारशाला."

"बारसं? कधी झाली?"

"पाच महिने झाले."

"आता तर पालथी पडून ऱ्हायली असंल! नाव काय ठेवायलात?"

"ते आधी तिच्या कानात."

"हाव, ते बी खरं हाय," म्हणाले आणि पुढच्या सीटवरच्या आजोबांचं नाक आत घालायला गेले.

अहमदपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं. माणसांनी दारं लावून घेतली होती तेव्हाही कुणीतरी हे पेरलंच होतं. ते बघून उगाच छाती फुगली. लोह्याला गाडी थांबली. हॉटेलात टेबलांवर खुर्च्या उलट्या, मालक ओरडतोय, "बसून न्हाई, पार्सल घ्या!" मग सगळ्यांनी पार्सल घेतलं आणि हॉटेलच्या मागे एकमेकांना खेटून उभ्याने भजी खाल्ली. नियम पाळल्याचं समाधान सगळ्यांच्या तोंडावर. तुम्ही निघालात तर घरचंच न्या. माझे धपाटे आणि घट्ट दही चांगलं टिकलं. बायकांसाठी एक सूचना: स्वच्छतागृह उघडं आहे, म्हणजे कुलूप नाही, एवढंच समजा.

नांदेडला पुलावर गाडी आली आणि गोदावरी भरून वाहताना दिसली. खिडकीतून पाच-सहा नाणी पाण्यात गेली, त्यात कंडक्टरचंही एक होतं.

स्टँडवर नितीन मोटारसायकल घेऊन उभा होता. वाळला होता. मी पुढे झाले तर त्याने हातावर सॅनिटायझर मारलं. एवढ्या महिन्यांनी भेटलेल्या बहिणीचं हे असं स्वागत! भोकरपर्यंत तासाभराच्या रस्त्यात तो नाव काढून घ्यायचा प्रयत्न करत राहिला. मी खड्डे मोजतेय म्हणून सांगितलं.

दारात स्वातीचे बाबा गरम पाण्याची बादली घेऊन उभे. "आधी अंघोळ, मग आत्या."

अंघोळ झाली, कपडे बदलले, मास्क चढवला. शेजारच्या चार बायका भिंतीला धरून लांब लांब उभ्या होत्या. पाळण्यात ती. फोनवर दिसायची त्यापेक्षा गुबगुबीत, डोळे टपोरे. मला बघून रडेल म्हणून धास्ती होती. ती नुसती बघत राहिली. मी वाकले. कुर्र, कुर्र, कुर्र. आणि नाव सांगितलं: जाई.

आता खरं तर आत्याच्या पाठीत बुक्क्या पडायला हव्यात. कुर्र म्हटलं की जमलेल्या बायकांनी आत्याची पाठ बडवायची, ही आपली रीत. पण कुणी पुढे येईना. सगळ्यांचे हात पदरात. मी तशीच वाकलेली. एवढी तडफडून आले आणि बारसं अर्धंच राहिलं, या विचाराने डोळे भरून आले.

"काय बघून ऱ्हायल्या गं?" स्वातीच्या आई, त्यांना मी मावशी म्हणते, त्या कडाडल्या. "असं कोरडं बारसं अस्तंय का?" आणि धाडकन माझ्या पाठीत बसली. मग दुसरी, तिसरी. "अंतर! अंतर ठेवा!" स्वातीचे बाबा बोंबलतायत, ऐकतंय कोण. पाच महिन्यांत घराबाहेरच्या माणसाचा हात मला लागला नव्हता. मी हसत होते, रडत होते, अजून मारा म्हणत होते. नंतर बाबांनी सगळ्यांना ओळीत उभं करून हात धुवायला लावले.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. पुढचे दोन आठवडे रोज दोन्हीकडून फोन: ताप नाही ना, वास येतोय ना? कुणालाच काही झालं नाही, ही देवाची कृपा. पाठ मात्र चार दिवस दुखली आणि मी ते गल्लीभरच्या बायकांना कौतुकाने सांगत फिरले.

मग एका संध्याकाळी स्वातीच्या बाबांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला. जाई खुळखुळा चघळत बसली होती. त्यांनी हाक मारली, "ठकी!" ती चघळतच राहिली. पुन्हा, "ठकी!" काही नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आता तुमी मारा, ताई."

मी हाक मारली. तिने खुळखुळा टाकला आणि मान वळवून मला शोधायला लागली.