भावाच्या गिटारवरचा टवका

गिटारी दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'वाफारे' म्हणत. खरं आडनाव आता वीजबिलापुरतं उरलं होतं. सर्दी झालेल्या माणसाला आणि पोचा पडलेल्या गिटारला ते एकच औषध सांगत: वाफारा. पोच्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची, तिच्यावर तापल्या इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवायचं. फुस्स होतं, दबलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि निवांतपणे वर येतं. दिवसभर हातात इस्त्री असूनही त्यांचा शर्ट मात्र नुकतीच मारामारी करून आल्यासारखा दिसे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे ते सांगणारंही कोणी नव्हतं.

कामाला हात घालण्याआधी ते गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत.

"लागलं कशाने?"

"काका, आपोआप झालं."

"आपोआप मुरूम येतो. पोचा पाडावा लागतो."

यात चौकसपणा नव्हता. म्हणजे थोडा होता, पण मुख्य कारण कामाचं होतं. बोथट वस्तू आपटली तर लाकूड नुसतं दबतं. धारदार वस्तू लागली तर टवकाच उडतो, आणि तिथे वाफ दिली की तुटलेल्या कडा फुगून सगळं आणखी भेसूर होतं. तिथे तसंच लाकूड शोधून, रेषेला रेष जुळवून तुकडा बसवावा लागतो. म्हणून खरं उत्तर मिळेपर्यंत वाफाऱ्यांची इस्त्री तापत नसे.

त्या मंगळवारी दुपारी एक बाई गिटारची पेटी घेऊन पायरी चढल्या. वाफाऱ्यांनी मान वर केली आणि ती तशीच राहिली. वहिनी होत्या. बावीस वर्षांनी. थोरला भाऊ तीन महिन्यांपूर्वी गेला, तेव्हा वाफारे गर्दीच्या मागे उभे राहून कोणाच्या नजरेला न पडता परतले होते.

"ओळखलंत ना, भावजी?"

"बसा, वहिनी." त्यांनी स्टुलावरचा भुसा बाहीने पुसला. स्टूल होतं तसंच राहिलं, बाहीची मात्र वाट लागली.

वहिनींनी पेटी उघडून गिटार टेबलावर ठेवली. गिटारच्या पुढच्या फळीवर चार-पाच बारीक पोचे होते, आणि मधल्या गोल भोकाखाली अंगठ्याएवढा टवका गेलेला, जुना, काळा पडलेला.

"लेकीला वाजवायचीय. नीट करून द्या."

"लागलं कशाने?" सवयीने तोंडातून गेलं आणि वाफाऱ्यांनी जीभ चावली.

"बारीक पोचे ह्यांच्या धांदरटपणाचे. आणि तो मोठा, पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर पडली तेव्हाचा. मी बाळंतपणाला माहेरी होते. परत आल्यावर हे स्वतःच म्हणाले, माझ्या हातून पडली. सासूबाई तर वर्षभर ह्यांना 'लोणीहात्या' म्हणायच्या."

वाफारे हातातलं फडकं पिळत राहिले. त्यात पाणी नव्हतं.

तेव्हा ते नुकतेच सुतारकाम शिकत होते. भावाची गिटार जरा तासून देतो म्हणाले, तर भाऊ हसला. "आधी पाट नीट कर, मग गिटारला हात लाव." वाफाऱ्यांच्या हातात लाकूड तासायची धारदार पटाशी होती. ती त्यांनी गिटारवर फेकली. त्याच संध्याकाळी ते घर सोडून निघाले. भाऊ दोनदा बोलवायला आला. पण वहिनींना, आईला सगळं कळलेलं असणार, कोणत्या तोंडाने जायचं, असं म्हणत त्यांनी बावीस वर्षं काढली. आई आजारी पडली तेव्हा दवाखान्याचा जिना अर्धा चढून ते उतरले होते.

"आम्हाला वाटायचं, भावजी मोठे कारागीर झाले, आता आम्ही कुठे आठवणार," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणायचे, येईल, त्याच्या मागे लागू नका."

भावाने उत्तर तयार करून ठेवलं होतं. नुसती मान हलवली की भागत होतं. वाफाऱ्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"वहिनी, ती पडली नव्हती. मी पटाशी फेकून मारली."

वहिनींनी टवक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"एवढ्यासाठी?"

"तो हसला म्हणून माझा राग..."

"ते नाही विचारलं. एवढ्यासाठी आला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असतं तर काय केलं असतं मी? दोन शब्द सुनावले असते आणि जेवायला वाढलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सासूबाई शेवटचे आठ दिवस दाराकडे बघत होत्या, भावजी. आम्हाला वाटलं, उजेडाकडे बघतायत."

वहिनींनी रिकामी पेटी मिटली.

"किती दिवस लागतील?"

"सहा. मी घरी आणून देतो."

"नको." त्या उठल्या. "इतक्यात नको. सोमवारी लेकीला पाठवते."

"तिला सांगितलंय, मी कोण ते?"

"नाही. काका कुठेतरी दूर असतो, एवढंच ठाऊक आहे तिला. दोन गल्ल्या पलीकडे असतो, हे कसं सांगणार होते आम्ही? अजून काही दिवस तसंच राहू दे."

"दिसते कशी?"

वहिनी पायरीवर थांबल्या.

"ह्यांच्यासारखी. तुम्ही ओळखाल. पण ओळख दाखवू नका."

वाफाऱ्यांनी मान हलवली.