जहाजावरून आलेली हाळी

आमच्या ऑफिसात किस्से असे साचतात की चहाचा कप उचलला तरी खाली एखादा सापडतो. धाराशिवला सरकारी वकिलांच्या ऑफिसात मी आवक-जावक सांभाळते. शिक्षण दहावी. एरवी आमच्याकडं जमिनीचे दावे, बांधावरची भांडणं. पण दिल्लीहून एक फाईल आली आणि त्या एकाच फाईलचे इतके किस्से झाले, की मी सांगायला बसले की घरी मुलगी टीव्ही बंद करते!

*

परराष्ट्र खात्याच्या वकील मॅडमचा फोन आला. आमच्या वकीलसाहेबांनी स्पीकर लावला.

"आफ्रिकेतल्या एका बंदरात जहाजावरून एक माणूस उतरवलाय. डोक्याला मार लागलाय. नाव-गाव काही सांगत नाही. जहाज युरोपातल्या कंपनीचं, त्यावरचा झेंडा दक्षिण अमेरिकेतल्या देशाचा. तिन्हीकडं आमची पत्रं चालू आहेत. तिघंही म्हणतात, आमचा नाही."

"मग आमच्याकडं कसा?"

"बोलतो ते मराठी वाटतं. महिनाअखेरपर्यंत एखाद्या घरानं ओळखून अर्ज दिला, तर त्याला आणता येईल. नाहीतर तो तिथल्या बेवारशांच्या आश्रमात जाईल. कायमचा."

फोन ठेवून साहेब म्हणाले, "तीन खंडांना नको असलेला माणूस आता आपण तालुक्यात शोधायचा. छान!"

*

मॅडमनी त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. भर दुपारी लावलं. आधी जिभेनं काढलेला टर्र-टर्र आवाज, मग लांबवलेली हाळी, मग तीन नावं. राणी, कबरी, मोती. जरा थांबायचं आणि पुन्हा तेच.

तुकाराम आमचा शिपाई. लहानपणी त्यानं शेळ्या राखल्या आहेत. त्यानं हातातले कप टेबलावर ठेवले.

"साहेब, शेळ्यांची हाळी हाय ही. आमच्या येरमाळ्याकडची. पण ह्यो मधी थांबतोय कशापायी?"

"दम घेत असेल."

"न्हाय. जनावर ओरडून जवाब देतं, तवा थांबत्यात."

साहेबांनी दिल्लीला विचारलं, खोलीत आणखी कोण होतं? उत्तर आलं, कुणीच नाही. दवाखान्याचा तिसरा मजला!

*

मग त्याचा फोटो आला. तो पोलीस ठाण्यांना गेला आणि दोन बाया ऑफिसात आल्या. एक जळकोटची, एक तुळजापूरची. दोघींची मुलं जहाजावर गेलेली, परत न आलेली. दोघी फोटो छातीशी धरून म्हणाल्या, "ह्यो माझाच."

जळकोटच्या बाईंनी डाव्या गुडघ्यावरचा कोयत्याचा वण सांगितला. तुळजापूरच्या बाईंनी उजव्या कानामागचा भाजल्याचा डाग. साहेबांना वाटलं, चला, एक तरी खरी ठरेल. दवाखान्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

दोन्ही खुणा आहेत!

जिन्यात दोघींनी मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "बाई, माझाच हाय ना गं?" मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

दिल्लीच्या मॅडम म्हणाल्या, "दोन घरांनी हक्क सांगितला तर तिथलं सरकार दोन्ही अर्ज परत पाठवतं. मला शंका नसलेलं एकच घर द्या."

*

शेवटी साहेबांनी व्हिडिओ कॉल जुळवला. नर्सनं मोबाईल धरला. माणूस पलंगावर शांत बसला होता.

"दादा, गाव कंचं तुमचं?" तुकारामनं विचारलं.

"पाणी पाजून येतो, मग सांगतो," तो अगदी स्वच्छ म्हणाला आणि उठून दाराबाहेर गेला.

पाच मिनिटांनी आला. गुडघ्यापर्यंत ओला! नर्सनं काहीतरी ओरडून फोन टाकला आणि कॉल तुटला. पुन्हा लागलाच नाही.

*

महिना संपायला दोन दिवस होते. येरमाळ्याजवळच्या वस्तीवर तुकारामला भागाबाई सापडल्या. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी बंदरावर कामाला म्हणून गेला, तो गेलाच. बाईमाणूस सोबत असावं म्हणून साहेबांनी मलाही गाडीत घेतलं.

भागाबाईंनी साहेबांकडून खुणा ऐकल्या, फोटो उन्हात धरून पाहिला. "ह्यो माझा न्हाय. माझ्या पोराच्या गुडघ्याला काय बी न्हवतं."

साहेबांनी फाईल मिटली. तुकाराम म्हणाला, "आत्या, आवाज तरी ऐका," आणि मोबाईल लावला.

"आवाज बी न्हाय त्याचा."

तेवढ्यात बाजेखालून शेळीची तीन पिल्लं बाहेर आली. 'राणी' म्हटल्यावर पांढरं, 'कबरी' म्हटल्यावर ठिपक्यांचं, 'मोती' म्हटल्यावर काळं. आपापल्या नावाला एकेक ओरडलं आणि मोबाईलपुढं येऊन उभं राहिलं.

"मावशी, तुमची पिल्लं ओळखतात की त्याला!" साहेब हसले.

भागाबाई हसल्या नाहीत. "परवा जन्मल्यात ती."

रेकॉर्डिंग दोन महिन्यांपूर्वीचं होतं.

"आणि नावं?" मी विचारलं.

"मनात धरल्यात नुसती. अजून तोंडानं एकदा बी घेतली न्हाईत."

तुकारामनं मोबाईल बाजेवर ठेवला आणि मागं सरकला. मग भागाबाईंनीच हात पुढं केला. "द्या तो अर्ज."

साहेब लिहायला लागले. 'ओळख कशावरून पटली?' या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

"मावशी, इथं काय लिहू?"

भागाबाईंनी अंगठा शाईत दाबला.

"लिव्हा, आईनं वळखला."