टाचणीचं रफू

मी वाफेच्या मोठ्या इस्त्रीमागे बसले होते, म्हणून दिसले नाही. मायलेकींना वाटलं दुकानात कोणी नाही.

"त्या तळघरात ते दिवे लुकलुकतात, झोपेचा पत्ता नसतो, आणि वर त्याचं बोंबलणं," आई म्हणत होती. "डॉक्टर काय म्हणाले होते तुला?"

"डोक्याला ताण नको म्हणाले होते. तू आलीस की ताण येतो."

"थोबाड फोडीन हं! कोण लागतो गं तो तुझा?"

मला वाटलं, पोरगी आता रडते. तर म्हणाली, "माझा लागतो."

"हे काय नातं झालं?"

"झालं की. तू लागतेस, तसा तोही लागतो."

आई तणतणत निघाली. रागाच्या भरात दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, तशी "आई गं!" म्हणाली. लेक हातातलं काम टाकून धावली. "लागलं का गं?" मग दोघी दारातच एकमेकींना धरून हसायला लागल्या, आणि मी इस्त्रीमागे तोंडात पदर कोंबून बसले. भांडण काही मिटलं नाही. त्या दिवसापुरतं थांबलं, एवढंच.

दुकान म्हणजे माझ्या जावयाची लाँड्री. मागच्या खिडकीशी माझं रफूचं टेबल, आणि टेबलाच्या दुसऱ्या अंगाला ही पोरगी. अंगाने काडी, आणि काम करताना टाचण्या ओठांत धरायची, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणायचे. तिला फिट येते हे कळल्यावर मी त्या टाचण्या तिच्या तोंडातून काढल्या आणि त्या टोचायला मनगटाला एक छोटी उशी बांधून दिली. आमच्या तोंडातलं नाव मात्र गेलं नाही.

दुखणं शाळेपासूनचं. वर्गात पडली, तर बाई म्हणाल्या बाकीच्या मुली घाबरतात, तिला घरीच ठेवा. पुढे चष्म्याच्या दुकानात लागली. तिथे फिट आली ती काचेचं कपाट सोबत घेऊन. बाप या सगळ्याला कंटाळला आणि एक दिवस कामावर म्हणून गेला तो आलाच नाही. आई पावाच्या भट्टीत कामाला होती. कोणी विचारलं तर पुढे कितीतरी वर्षं "कामावर गेलेत" असंच सांगायची. घरात एकच कायदा होता, की टाचणीने कुठल्याही दाराला आतून कडी लावायची नाही. न्हाणीच्याही नाही. ती मला म्हणाली होती, "आजी, मी आयुष्यात एकदाही एकटी नव्हते, आणि सदा एकटीच होते." मी म्हटलं, धागा ओढ आता, गाठ बसेल.

बोंबल्या तिला भेटला तो रस्त्यात. ही पडलेली, भोवती बघ्यांची भिंत. केस झाडूसारखे उभे केलेला एक पोरगा आत घुसला आणि "हवा येऊ द्या!" म्हणून असा ओरडला की भिंत चार पावलं मागे सरकली. ही शुद्धीवर येत होती. ती सांगायची, तळातून वर येताना नेहमी आधी पांढरं पांढरं दिसतं, धुकं असतं तसं, आणि त्यात कुठली बाजू वरची ते समजत नाही. त्या दिवशी त्या धुक्यात एक आवाज होता. आवाजाच्या दिशेने ती आली. आता अशा माणसावर पोरीचा जीव नाही जडायचा तर कोणावर?

तो गायचा. म्हणजे तो त्याला गाणं म्हणायचा. त्या प्रकाराला पंक म्हणतात. मला पंक म्हणजे चिखल एवढंच माहीत. मी तसं म्हटलं तर टाचणी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, आजी. साधारण तसंच असतं." त्यांच्या त्या मंडळींत धड कपडा घालून उभं राहणं म्हणजे अब्रू गेली. सगळं फाटकं लागायचं. आणि त्याचे शर्ट फाडायचं काम हिच्याकडे! दिवसभर माझ्यासमोर बसून लोकांची भोकं बुजवायची आणि जेवणाच्या सुट्टीत नवा शर्ट घेऊन फाडायची. फाडायचीही अशी निगुतीने, की बघत राहावं. आधी खडूने रेघ मारणार, मग कात्री, मग ब्लेडने कडा विसकटणार, आणि वर त्या कडेला आतून बारीक टाका घालणार, म्हणजे चीर पुढे जाऊ नये.

"फाडायचंय ना? मग शिवतेस कशाला?"

"नाहीतर उघडा पडेल तो. फाटकं टिकलं पाहिजे, आजी."

एका शनिवारी संध्याकाळी मी ते ऐकायला गेले. सतरंज्यांच्या गोदामाखालचं तळघर. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी जिन्यावरून भांड्यांचा अख्खा संसार लोटून दिला. कानांत बोटं घातली. मग हळूहळू काय झालं सांगता येत नाही, पण तो गोंगाट वाफेसारखा झाला. दुकानात वाफ भरली की टांगलेले कोट आपोआप हलतात ना, तशी मी हलत होते, पाय जमिनीला आहेत की नाहीत कोण जाणे. टाचणी कोपऱ्यात भिंतीला तळवा लावून उभी होती, डोळे मिटून. गोळ्यांनी फिट थांबायची, पण सगळं कापसात गुंडाळल्यासारखं व्हायचं. कानाने नीट पोचायचं नाही म्हणून ती भिंतीतून ऐकायची. परतताना म्हणाली, "तो मला पलीकडच्या काठावरून ऐकू येतो. मला एकदा तरी त्याच काठावर उभं राहून ऐकायचंय." तिचं मागणं एवढंच होतं. दागिना नको, लग्न नको, घर नको.

बोंबल्याबरोबर ती टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. तोच तिला सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायचा, जीभ वर करून दाखवायला लावायचा. उगाच नावं ठेवणार नाही मी त्याला.

मग ते रफूचं झालं. हिवाळ्यातली दुपार होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम होता, बाहेरगावचे लोक यायचे होते. टाचणी गोळीच्या गुंगीत होती. अशा वेळी तिचे हात तिच्याशिवायच काम करायचे, आणि सुंदर करायचे. समोर फाटका शर्ट होता. तिने एकेक चीर घेतली, शर्टाच्याच शिलाईतला धागा काढला आणि ताण्याला ताणा, बाण्याला बाणा असं भरत गेली. मी माझ्या कामात. नंतर तिने तो इस्त्री करून कॉलर उभी करून घडी घातली आणि पाठवून दिला. बोंबल्याचा, तिनेच फाडलेला शर्ट, आता एकही भोक नसलेला!

दुसरं काही घालायला नव्हतं. त्याला तो घालून उभं राहावं लागलं. समोरून लोक ओरडले, "पोरगी बघायला निघालास का रे?" दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तोच हसत.

"आजी, हिने मला जावई करून टाकलं!"

"कर की मग लग्न, शर्ट तयारच आहे," मी म्हटलं.

"हिला विचारा. झोपेतच होती ना ही. उद्या माझं तोंडही रफू करील, कळणारसुद्धा नाही हिला."

तो चेष्टेतच बोलला. आम्ही सगळे हसलो. टाचणीही हसली. पण तिने तो शर्ट जवळ ओढला, उलटा केला, आपलंच काम बोटाने शोधत राहिली, आणि तिला ते सापडेना, इतकं साफ झालं होतं. "मी होते कुठे हे करताना?" एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यापासून कार्यक्रमाच्या दिवशी गोळी बंद. लपवलं नाही तिने. मी रागावले. आई भट्टीतून पिठाच्या हातांनी तशीच आली आणि पाया पडेन म्हणाली. बोंबल्याने गाणं सोडतो म्हणून धमकी दिली, तर ही म्हणाली, "सोड, मग गोळी कशासाठी घेऊ?" "एका दिवसाच्याच तर चुकतात," म्हणायची. "बाकीचे दिवस तुमचेच आहेत की सगळ्यांचे."

पहिल्यांदा जागेपणी ऐकून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आजी, त्याला गाता येत नाही हो!"

"तुला आज कळलं?"

"मला वाटायचं गोळ्यांमुळे तसं ऐकू येतं. अगदीच बेसूर आहे तो." आणि मग, धाग्याला मेण लावत, "पण किती जवळून आला आवाज."

ऋतू बदलला तरी काही झालं नाही, तसे आम्हीही सैलावलो. रंग चढला होता तिच्या तोंडावर. मग एका रविवारी सकाळी बोंबल्या दुकानाच्या दारात उभा राहिला, पायात काही नव्हतं. तीन गल्ल्यांत आवाज जायचा त्या माणसाचा, आणि मला दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणालास?" झोपेतच फिट आली होती, तोंड उशीत. तो शेजारी होता, दमून झोपलेला. कळलं नाही. पंचविशीही गाठली नव्हती तिने. तिची आई आली ती त्याच्यावर तुटून पडेल असं सगळ्यांना वाटलं. ती त्याच्याशेजारी बाकावर बसली, आणि बराच वेळ दोघं एकाच दिशेला बघत राहिली, बस यायची असते तसं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट पोचवायचा होता. खिसा फाटला होता, तो टाचणीनेच भरला होता. "गोळी घेतलीस का?" मी विचारलं. "उद्या घेते," म्हणाली, शनिवारी म्हणायची तसंच. कोट हँगरला लावला. उंचीने बेताची, त्यामुळे कोट जमिनीला लागू नये म्हणून हात पार वर धरून चालायची. मी खिडकीतून बघत होते. वाऱ्याने कोट फुगला, आणि एका उंच, हलक्या माणसाला हाताला धरून ती रस्ता ओलांडून नेते आहे असं दिसलं. कोपऱ्यावर थांबून दोन्हीकडे बघितलं, मगच पुढे गेली.

परत आली ती रिकामा हँगर बोटात फिरवत.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"खिसा कुठला फाटला होता ते शोधत बसलेत. मी म्हटलं, शोधा, आणि पेन उघडं ठेवू नका आता." हँगर खिळ्याला लावला, मनगटावरची उशी सोडून टेबलावर ठेवली. "येते हं, आजी," म्हणाली, आणि दार ओढून घेऊन गेली.