रिकाम्या टगचे फोटो

“माणसं बाजूला!” कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी काका खच्चून ओरडायचे. भाऊच्या धक्क्याला लागलेल्या टगवरचे खलाशी हसत आत जायचे आणि मगच काका फोटो काढायचे.

उल्हासनगरात माझं फोटो छापायचं दुकान आहे. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यातच आमचा जन्म चाललाय. बदलापूरचे हे रिटायर काका मात्र दर सोमवारी यायचे आणि मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या त्या बुटक्या बोटींचे, म्हणजे टगचे, फोटो मोठे करून घ्यायचे. असे छांदिष्ट तुम्हीही पाहिले असतील.

“काका, एखादा माणूस राहू द्या की. फोटोत जीव येतो.”

“माणसं काय, कुठेही दिसतात रे. ही बघ. एवढीशी, पण केवढं धूड ओढते!”

मी त्यांची थट्टा करायचो, तरी सोमवारी वाटही बघायचो. पुढे त्यांनी ओळखीने मुलाला एका टगवर चिकटवलं. मला पेढे दिले. मग त्या टगचे फोटो सुरू झाले. काका मुलावरही तसेच ओरडायचे आणि तोही निमूट आत जायचा.

गेल्या वर्षी तो मुलगा टगवरून पाण्यात पडला. सापडलाच नाही. टगच्या ठेकेदाराने सरळ हात झटकले. “वो हमारी बोट पे था ही नहीं. भाग गया होगा.” बरोबरचे खलाशी नोकरी जायच्या भीतीने गप्प बसले.

काका तडक दुकानात आले. “टगवरचा त्याचा एक फोटो शोधून दे. एकच. त्या हरामखोराच्या तोंडावर मारतो.”

घरातले, लग्नातले फोटो होते, पण त्यांचा इथे काय उपयोग? दुपारभर आम्ही एकेक फोटो पाहिला. सगळ्या टग स्वच्छ, सुंदर, रिकाम्या. मला भयंकर राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी एका फोटोत केबिनच्या दाराला धरलेला हात दिसला. बाकीचा माणूस आत.

“त्याचाच आहे. करंगळी बघ, वाकडी आहे,” काका म्हणाले.

मी तो हात मोठा करून दिला. ठेकेदार तो पाहून हसला म्हणे.

त्यानंतर काका आलेच नाहीत. न राहवून मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. काका आतल्या खोलीत होते, हाका मारूनही बाहेर आले नाहीत. भिंतीवर त्या हाताची फ्रेम होती. खाली टेबलावर झेंडूचा हार, पुडीतून न काढलेला.

“रोज नवा आणतात,” काकू म्हणाल्या. “फ्रेमसमोर उभे राहतात आणि मला विचारतात, घालू का? मी काय सांगू, भाऊ?”