टपोरे बुडबुडे

मुलीच्या फेसातले दोनशे बुडबुडे मी एका रविवारी दुपारी मोजले आणि सगळेच्या सगळे वाया घालवले. खराडीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, हे खरं तर इथे सांगायला नको होतं.

मुलगी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करते. पनीर केल्यावर उरलेल्या पाण्यातलं प्रोटीन वेगळं काढायचं, हा तिचा विषय. ते पाणी काचेच्या उंच नळीत घ्यायचं आणि खालून हवा सोडायची. प्रोटीन बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतं, मग वरचा फेस काढून घ्यायचा. बुडबुडे जितके बारीक, तितकी चिकटायला जागा जास्त. म्हणून ती काचेतून फोटो काढते आणि एकेका बुडबुड्याची रुंदी मोजते. सोमवारी सकाळी तिच्या गाईड सरांना सरासरी दाखवायची होती. ती पटली नाही तर महिन्याभराचे प्रयोग पुन्हा. माउस धरून तिचा हात आखडला, तेव्हा मी म्हटलं, "दे इकडे. या कडेला क्लिक, त्या कडेला क्लिक, एवढंच ना?"

दोन तास मान वर केली नाही. समोरचा चहा गार झाला तरी पिऊन टाकला.

मुलीने आकडे पाहिले. "बाबा, सरासरी एवढी मोठी कशी आली?"

"चांगले टपोरे आहेत की."

"आणि हे बारके, कोपऱ्यातले?"

"ते सोडले. काही तर चेपलेले होते गं. म्हटलं, सरांना दाखवायचेत, तर जरा गोल, नीटनेटके बघून घ्यावेत."

तिने आवाज एकदम खाली आणला. आमच्या घरात हे ओरडण्यापेक्षा वाईट. शांतपणे म्हणाली, "तुला मोजायला सांगितलं होतं, बाबा. स्थळं बघायला नाही."

तिने प्रत्येक फोटोवर एक चौकोन आखून दिला. चौकोनात येईल तो बुडबुडा घ्यायचा, मग तो बारका असो की वाकडा. आवडनिवड बंद. मी खाली मान घालून पुन्हा बसलो. या वेळी शेजारी खुर्ची ओढून बायको बसली, मोजलेल्यावर खूण करायला. म्हणजे खरं तर माझ्यावर पहारा ठेवायला. एक मुंगीएवढा बुडबुडा मी नजरेआड करू पाहिला, तर तिने पेनाने स्क्रीनवर टकटक केलं.

दिवेलागणीपर्यंत काम संपलं. सरासरी चांगलीच खाली आली आणि नळीतून निघालेल्या प्रोटीनच्या आकड्याशी तिचा मेळ बसला. मुलीने फाइल सरांना पाठवली आणि पहिल्यांदाच हसली. मला जरा हुरूप आला. म्हटलं, "काही म्हणा, पण पहिले दोनशे मी निवडले होते मात्र एकसे एक."

बायको पेनाला टोपण लावत म्हणाली, "अहो, मग मागच्या रविवारी मार्केट यार्डातून टोमॅटो आणलेत, तेव्हा कुठे गेली होती ही नजर?"