तक्रारदार क्रमांक दोन

नाराज होण्यात माझ्या बायकोच्या मामांइतका सुखी माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. वस्तू चांगली निघाली की मामांचा चेहरा पडतो. एका दिवाळीत घेतलेला मिक्सर वॉरंटी संपेपर्यंत मुकाट्याने चालला, तेव्हा मामा चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. उलट नव्या इस्त्रीने पहिल्याच दिवशी शर्ट जाळला, त्या संध्याकाळी त्यांनी पेढे आणले होते. कोपरीच्या बाजारात ते नुसते उभे राहिले तरी दुकानदार न मागता पक्कं बिल फाडतात, आणि एका छत्रीवाल्याने तर त्यांना लांबून येताना पाहून भर दुपारी शटर ओढलेलं मी स्वतः पाहिलंय.

मामा कोपरीतल्या जुन्या कोळी घरातले, पण त्यांनी खाडीत कधी होडी घातली नाही. जन्मभर एका कंपनीत स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात रमतात, मामांना ठाण्याचा ग्राहक मंच सापडला. आता त्याचा आयोग झालाय, पण मामांच्या तोंडी मंचच. तिथे वकील लागत नाही, आपली बाजू आपण मांडता येते, हे कळलं त्या दिवसापासून घरातली भाषाच बदलली. "सदर कालवणात मिठाची त्रुटी आहे," असं मामा जेवताना जाहीर करायचे, आणि मामी शांतपणे म्हणायच्या, "सदर मीठ वरच्या फळीवर हाय, उठा नि घ्या."

दावा कोण करू शकतो, यावर मामा लग्नाच्या पंगतीतही बोलू शकतात. ग्राहक कोणाला म्हणायचं? ज्याने मोल दिलं त्याला. दुकानात विकायला माल आणला तर तुम्ही ग्राहक नाही, पण पोटासाठी घरी स्वतः शिवणयंत्र चालवणारी बाई ग्राहकच. या मुद्द्यावर त्यांनी मोहने गावातल्या एका विधवेला यंत्र बदलून मिळवून दिलं होतं, हेही खरं. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल मात्र दाद मागता येत नाही, आणि याचं मामांना अतोनात दुःख. आमच्याकडे डोंबिवलीला आले की चहाच्या कपाशेजारी दोन रुपयांचं नाणं ठेवतात. "असू दे, जावईबापू. चहा कोमट निघाला तर माझे हक्क शाबूत राहायला हवेत."

पण त्यांचा खरा जीव अडकलेला असे तो खर्चात. पैसे परत मिळाले, वस्तू बदलून मिळाली, तरी निकालाच्या शेवटी 'तक्रारीच्या खर्चासह' हे शब्द नसले की मामांना जेवण गोड लागत नसे. "वस्तू काय, कोणीही देतं हो. खर्च दिला म्हणजे समोरच्याने कान पकडले." एकदाच हे अंगाशी आलं. कुकरच्या शिट्टीचा सूर चुकीचा आहे, ही तक्रार निव्वळ त्रास देण्यासाठी केलेली ठरली आणि दुकानदाराचा खर्च मामांवर बसला. मामा दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले, पैसे मोजले, आणि त्या बिचाऱ्याने पावतीवर शिक्का तिरका मारला म्हणून त्याच्याशी तासभर भांडले.

अशा माणसाच्या बायकोला कवळी बसवायची वेळ आली. मामांनी डोंबिवलीतला एक दातांचा डॉक्टर निवडला, कारण तो छापील बिल देतो. घरातलं प्रत्येक बिल, मामींच्या बांगड्यांचंसुद्धा, मामांच्याच नावावर फाडायचं असा रिवाज. कवळीचंही तसंच झालं. कवळी घरी आली आणि मामींच्या आधी बोलू लागली. वरची घास चावताच खाली यायची, खालची हिरडी कापायची. डॉक्टर म्हणाला, सवय होईल. मामींना सवय झाली ती पेज पिण्याची. चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, नांगी फोडताना ज्यांचा आवाज शेजारी ऐकू जायचा, त्या मामी मऊ भात गिळत बसलेल्या बघवत नव्हत्या. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले.

मामांनी अर्थातच तक्रार ठोकली, एकट्याच्या नावाने. डॉक्टरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला विचारलं, "कवळी यांच्या तोंडात आहे का?" मामांनी बिल फडकवलं. मंचाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "पैसे देणारा ग्राहक खराच, पण त्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहकच असते. त्रास ज्यांना झालाय, त्यांना आणा." मग तक्रार दुरुस्त झाली, मामी तक्रारदार क्रमांक दोन झाल्या, आणि तारखा पुढे गेल्या. मामी तेवढ्या आणखी वाळल्या.

अखेर एका तारखेला मीही गेलो होतो. डॉक्टर नरमला होता. नवी कवळी, चांगल्या लॅबमधून, फुकट करून देतो म्हणाला. फक्त खर्च ज्याचा त्याने सोसावा. मामा ताठ झाले. "खर्चाशिवाय तडजोड नाही. मी पुरावा देईन, उलटतपासणी घेईन, वर्ष लागलं तरी चालेल!" अध्यक्षबाईंनी मामांना बसायला सांगितलं आणि मामींकडे वळल्या. "तुमच्या यजमानांची संमती राहू द्या. तुम्हाला काय हवंय?"

मामी उठल्या. कवळी काढून पदरात धरली आणि बोळक्या तोंडाने, पण स्वच्छ ऐकू येईल असं म्हणाल्या, "बाय, मना चिंबोरी खावाची हाय."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते मामींच्या मनगटाकडे बघत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तडजोडीच्या कागदावर 'खर्च ज्याचा त्याने' याच्याखाली सही केली. वकिलाची एकही चूक न काढता.

नवी कवळी बसल्यावरच्या रविवारी आम्हाला कोपरीला जेवायला बोलावलं. मामींनी पहिली नांगी तोंडात घातली आणि तो जुना आवाज झाला. पण खरे तुटून पडले होते ते मामा. बोलणं नाही, त्रुटी नाही, नुसते खात होते. मी चेष्टेने म्हणालो, "मामा, उपास होता की काय?"

"उपासच," मामी म्हणाल्या. "मी पेज घेते तवर घरात कालवण शिजवायचं नाय म्हणाले. मना वास यील म्हणून. इतके महिने हे पण पेजच पीत होते. वर म्हणाले, कोनाला सांगू नको."

"याला पुरावा काय?" मामा गुरगुरले, पण आवाजात दम नव्हता. इतकी वर्षं ज्याची टिंगल करत आलो, त्या माणसाविषयी मला एकदम भरून आलं. मामींनी एक मोठी नांगी फोडली, आतलं मांस काढलं आणि स्वतःच्या पानात न घेता त्यांच्या भातावर ठेवलं.

"जावईबापू, रस्सा घ्या," मामा म्हणाले, आणि भातावरचं ते मांस खाली मान घालून खाऊ लागले.